थंडाव्याचं बिल कोण भरतं?

मे महिन्याच्या मध्यावर वीजबिल हातात आलं तेव्हा मी आकड्याच्या आधी नाव पाहिलं. वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी आपल्या दारात टाकलं असेल. नाव माझंच होतं. युनिट ५४०. मार्चमध्ये याच घरात आम्ही दोनशेच्या आत होतो. घर तेच, माणसं तेवढीच. एप्रिलमध्ये मुलांच्या खोलीत दीड टनाचा एसी बसवला होता आणि हॉलमध्ये अम्मींचा जुना कूलर नेहमीप्रमाणे सुरू झाला होता. एसी लावला की बिल वाढणार, हे मान्यच होतं. पण शाळेतल्या ज्या सहकाऱ्याचा पाहून मी तसाच एसी घेतला, त्याच्याकडे शंभर-सव्वाशे युनिटच वाढले होते.

कारण सापडत नसलं की माणूस गुन्हेगार शोधायला लागतो. माझी शंका खालच्या मजल्यावर गेली. अब्बांनी बांधलेल्या खालच्या दोन खोल्यांत भाडेकरू राहतात. नवरा-बायको आणि तीन मुलं. त्यांचा मीटर वेगळा आणि बिल आमच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. दोन्ही मीटर जिन्याखाली शेजारीशेजारी. मी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि म्हणालो, "आपल्या लाइनवरून कुणी तार तर टाकली नाही ना, जरा बघ." हे मी मोठ्याने बोललो. खालच्या भाभींनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मुलांचं आमच्याकडे उर्दू शिकायला येणं बंद झालं.

इलेक्ट्रिशियनने आमचा मेन स्विच बंद केला. मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबला. "सर, चोरी नाही. जे जळतंय ते तुमच्याच घरात जळतंय," तो म्हणाला आणि दोनशे रुपये घेऊन गेला. अम्मी खाटेवर तस्बीह फिरवत हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "बेटा, मीटर कू नक्को देखो, छत कू देखो."

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. इतिहास हा माझा विषय नाही, पण शौक आहे. त्या आठवड्यात रात्री झोप येत नव्हती, म्हणून आपल्या मुलखातली माणसं एसीच्या आधी उन्हाळा कसा काढत होती, ते शोधत बसलो. माझ्या बिलाचं कारण मला त्या वाचनात सापडलं. म्हणून आधी तो इतिहास सांगतो, मग घरचं सांगतो.

बादशाहाचा बर्फ

बाबराने १५२६ मध्ये पानिपत जिंकलं, पण हिंदुस्थानचा उन्हाळा काही त्याला जिंकता आला नाही. आपल्या आत्मचरित्रात त्याने इथे काय काय नाही याची यादीच दिली आहे. त्यात बर्फ नाही, थंड पाणी नाही, ही तक्रार आहे. ऊन, सोसाट्याचा वारा आणि धूळ, या तीन गोष्टींनी आपल्याला हैराण केलं असं तो सांगतो आणि तिन्हींवर एकच इलाज नोंदवतो, तो म्हणजे हमाम. आपण हमाम म्हटलं की गरम पाणी डोळ्यांसमोर आणतो. पण जाड भिंतींची, लहान झरोक्यांची, धूळ-वारा आत येऊ न देणारी ती इमारत उन्हाळ्यात गारही राहते, हे बाबराला ठाऊक होतं. त्याचा इलाज यंत्राचा नव्हता, बांधकामाचा होता. ही गोष्ट लक्षात ठेवू.

त्याच्या नातवाच्या काळात प्रकरण पुढे गेलं. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'मध्ये बादशाहाच्या आबदारखान्याची, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या खात्याची, तपशीलवार माहिती दिली आहे. बारुदीसाठी लागणारा सोरा पाण्यात विरघळवला की ते पाणी थंड होतं. त्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची सुरई काही वेळ फिरवायची, की आतलं पाणी गार. पुढे दरबार लाहोरला गेला आणि उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ यायला लागला. या कामावर दहा होड्या होत्या. रोज एक होडी राजधानीत पोहोचायची आणि प्रत्येक होडीवर चार नावाडी असायचे. बर्फ गाड्यांवरून आणि हमालांच्या पाठीवरूनही यायचा. वाटेत किती वितळेल ते हवेवर अवलंबून.

वाळ्याच्या ताट्यांचाही उल्लेख त्याच ग्रंथात आहे. वाळा म्हणजे सुगंधी गवताची मुळं. त्याच्या ताट्यांनी खोली घेरायची आणि वरून पाणी मारायचं. भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, असं अबुल फजल सांगतो. यात जादू काही नाही. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाणी उडून गेलं की सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता नेतं. आपल्या मीटरच्या भाषेत सांगायचं तर युनिटचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग. आपला माठ, आपली सुरई आणि अम्मींचा कूलर या एकाच नियमावर चालतात.

पण त्या थंडाव्याचं बिल कोण भरत होतं? डोंगरातून बर्फ वाहणारे हमाल, होडीवरचे चार नावाडी आणि ताट्यांवर दिवसभर पाणी मारणारे भिश्ती. बर्फ मात्र त्यांच्या वाट्याला किती येत असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

दख्खनचा गारवा

आपल्या दख्खनला बर्फाचे डोंगर नाहीत. इथल्या राजांनी आणि कारागिरांनी पाणी, सावली आणि जाड भिंत या तीन गोष्टींवर काम भागवलं.

अहमदनगरचा फराहबाग पाहा. निजामशाही काळातला हा महाल १५८३ मध्ये पूर्ण झाला. महाल जमिनीवर न बांधता तलावाच्या मधोमध बांधला. पाणी लांबून नहरीने आणलं. चारी बाजूंना पाणी, त्यावरून येणारा वारा, मध्ये उंचच उंच दालन आणि रुंद भिंती. तलाव आता कोरडा आहे. पण त्या भिंतींच्या आत भर दुपारी उभं राहिलं, तर नुसत्या उंचीचा आणि जाडीचा परिणाम अजूनही जाणवतो.

आणि आमच्या औरंगाबादची पाणचक्की. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि शहराला पाणी देण्यासाठी जमिनीखालून नहर आणली. त्यानंतर या शहरात नहरींची परंपराच सुरू झाली. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ हर्सूलच्या बाजूने जमिनीखालच्या नळांतून पाणी आणलं गेलं. त्या पाण्याच्या जोरावर चक्की फिरायची. चक्कीवर दळलेलं पीठ दर्ग्यात येणाऱ्या मुसाफिरांच्या आणि फकिरांच्या जेवणाला लागायचं. चक्की सगळ्यांना माहीत आहे. मशिदीसमोरचा लांबट हौद आणि त्यातली मासळी पाहायला लोक अजून येतात. पण त्या हौदाखाली काय आहे, ते फार थोडे विचारतात. हौदाखाली खांबांवर उभं असलेलं एक मोठं दालन आहे. त्या दालनाचं छत म्हणजेच हौदाचा तळ. वर पाणी, खाली माणसं. सूर्य कितीही तापला तरी त्याची उष्णता आधी पाण्यात मुरणार आणि वाफेबरोबर उडून जाणार. खालच्यांपर्यंत ती पोहोचतच नाही.

मी अनेक वर्षं विद्यार्थ्यांना पाणचक्कीला नेतो आणि त्यांना चक्कीच दाखवत आलो. आता छत दाखवणार आहे. ज्याने ते दालन बांधलं, त्याने थंडावा आणण्याचा खटाटोप केला नाही. त्याने फक्त ऊन छतावरच अडवलं. तेही एका बादशाहासाठी नाही, तर वाटेने येणाऱ्या कुणासाठीही.

दादीचं माळवद

राजवाडे आणि दर्गे सोडा. सामान्य माणसाचं काय? आमच्या दादीचं घर जालन्याकडच्या एका गावात होतं. माळवदाचं घर. दगड-मातीच्या दोन हात रुंद भिंती, वर लाकडी कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. रस्त्याच्या बाजूला खिडक्या जवळजवळ नाहीतच, उजेड यायचा तो मधल्या अंगणातून. दुपारी दार लोटून घेतलं की आत अंधार आणि गारवा. बाहेरचं ऊन त्या मातीतून आत झिरपेपर्यंत रात्र व्हायची आणि रात्री सगळं घर वर उघड्यावर झोपायला जायचं. अंगणाचा उपयोग पर्द्यासाठी होता, तसाच हवेसाठीही. शेजारच्या देशमुखांच्या वाड्याचा चौकही तसाच होता. उन्हाने मुसलमान आणि हिंदू असं वेगळं घर कधी बांधायला लावलं नाही.

पण जुनं तेवढं सोनं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. माळवदाला दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावा लागायचा. तो आमच्या घरातल्या बायका द्यायच्या, डोक्यावर टोपली घेऊन. थर चुकला की घर गळायचं. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडे अशाच दगड-मातीच्या भिंती आणि मातीची जड छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. त्यानंतर मराठवाड्यात माळवद या शब्दाचीच भीती बसली. लोक स्लॅबकडे आणि पत्र्याकडे वळले, ते अडाणीपणाने नाही. त्यांना जिवंत राहायचं होतं. आमच्या काकांनीही दादीचं घर पाडून पत्रे टाकले. जुन्या घराची तारीफ करताना हे विसरणं बरं नाही.

साहेबाचा पंखा

मधला एक अध्याय इंग्रजांचा. त्यांनी वाळ्याच्या ताट्या आपल्याकडूनच उचलल्या. भिश्ती दिवसभर त्यांवर पाणी मारायचा. एकोणिसाव्या शतकात त्यांनी एक यंत्रही काढलं, त्याचं नाव थर्मँटिडोट. मोठी लाकडी पेटी, बाजूला ओल्या वाळ्याच्या ताट्या, आत हाताने फिरवायचा पंखा. म्हणजे आपला कूलरच, फक्त मोटारीच्या जागी माणूस.

छताला टांगलेला कापडी पंखाही माणूसच ओढायचा. दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात जायची आणि तिथे बसलेला माणूस ती रात्रभर ओढायचा. साहेब आत झोपायचा, बाहेरच्याने झोपायचं नाही. डोळा लागला की मारहाण. अशा मारहाणीत पंखेवाले मेल्याची प्रकरणं न्यायालयांत गेली. मेलेल्याची प्लीहा आधीच वाढलेली होती, असं सांगून गोरे आरोपी सुटले किंवा किरकोळ शिक्षेवर वाचले, हा त्या काळच्या न्यायाचा कुप्रसिद्ध नमुना आहे. साहेबाच्या झोपेचं बिल असं फाडलं जायचं.

विजेने या माणसाची सुटका केली. पंख्याची दोरी माणसाच्या हातातून सुटली, हे यंत्राचं मोठं पुण्य आहे. वीजबिलावर कितीही चिडलो तरी हे आपण मानलं पाहिजे.

दीड टन म्हणजे किती?

एसीच्या दुकानात आपण 'एक टन', 'दीड टन' म्हणतो. हे यंत्राचं वजन नाही. हा शब्द बर्फाच्या धंद्यातून आला. अमेरिकेतला एक टन (सुमारे ९०७ किलो) बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, ती एक टनाची ताकद. म्हणजे दीड टनाचा एसी पूर्ण जोराने दिवसभर चालला, तर त्याचं काम सुमारे १,३६० किलो बर्फ वितळण्याएवढं होतं. अकबराच्या होड्या आठवा. आज एक शाळामास्तर बटण दाबून तेवढा बर्फ रोज घरात उतरवतो आणि वर विचारतो, बिल एवढं कसं आलं?

दुसरी गोष्ट आणखी कामाची. विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ मध्ये आधुनिक वातानुकूलनाची पहिली योजना आखली, ती माणसांसाठी नव्हतीच. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगीत छपाई जुळायची नाही. कॅरिअरला हवेतलं पाणी काढायचं होतं. म्हणजे एसी जन्मापासून दोन कामं करतो. हवा थंड करतो आणि हवेतली ओल पिळून काढतो. मागे पाइपातून जे पाणी ठिबकतं, ते तेच. आणि दोन्ही कामांना वीज लागते.

हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं. हॉलमधून कूलरची घरघर ऐकू येत होती.

कैरोतला प्रयोग

तिसरा धागा मिळाला इजिप्तमध्ये. हसन फतही हे तिथले मोठे वास्तुकार. गरिबांसाठी मातीच्या विटांची घरं बांधण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. लक्सरजवळचं नवं गुर्ना गाव हे त्यांचं काम. कैरोत १९६४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने दोन नमुना-खोल्यांची तुलना झाली. एक अर्धा मीटर जाड मातीच्या विटांची, दुसरी दहा सेंटीमीटर जाड तयार काँक्रीटच्या फरशांची. मातीच्या खोलीतलं तापमान चोवीस तासांत दोनच अंशांनी हललं. काँक्रीटच्या खोलीत ते ३६ अंशांपर्यंत चढलं. मातीच्या खोलीपेक्षा १३ अंश जास्त, आणि बाहेरच्या हवेपेक्षाही ९ अंश जास्त. म्हणजे काँक्रीटच्या आत बसण्यापेक्षा बाहेर सावलीत बसणं बरं.

मी उठून मुलांच्या खोलीत गेलो. रात्रीचे साडेदहा वाजले होते. स्टुलावर चढून हात छताला लावला. तवा उतरवून ठेवल्यावर जसा लागतो, तसं छत लागलं. दिवसभर पिलेलं ऊन स्लॅब रात्री आमच्यावर सोडत होता आणि एसी बिचारा त्या स्लॅबशी पहाटेपर्यंत झुंजत होता. अम्मींनी चौथीपर्यंतच शिक्षण घेतलंय. फतहींचं नाव त्यांनी ऐकलेलं नाही. निष्कर्ष मात्र दोघांचा एकच.

वहीतला हिशेब

मग मी मास्तरकी केली. वही घेतली. रोज रात्री दहाला आणि सकाळी सहाला मीटरचा आकडा लिहायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कारण कोणतं ते कळतं.

पहिल्या रात्री काहीच बदललं नाही. आठ तासांत साडेनऊ युनिट.

दुसऱ्या रात्री मुलांच्या खोलीचं दार लावून घेतलं. सात युनिट. फरक पाहून मीच चकित झालो. दार का उघडं राहायचं, ते सांगतो. अम्मींना एसीने गुडघे धरतात, म्हणून त्या हॉलमध्ये कूलरसमोर झोपतात. रात्री त्यांनी हाक मारली तर ऐकू यावी, म्हणून माझी बायको दार अर्धं उघडं ठेवायची. त्या फटीतून थंड हवा बाहेर जायची, हे तर कुणालाही कळेल. पण कूलरची ओली हवा आत यायची, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. अम्मींच्या कूलरमध्ये रात्री मी बादल्या भरभरून पाणी ओतायचो. ते पाणी हवेत मिसळून मुलांच्या खोलीत जायचं आणि एसी तेच पाणी वीज खर्चून हवेतून पिळायचा, पाइपातून अंगणात टाकायचा. एकाच घरात मी एका यंत्राने हवा भिजवत होतो आणि दुसऱ्याने वाळवत होतो.

वाळ्याची ताटी आणि कूलर यांना कोरडी, वाहती हवा लागते. खिडकी उघडी पाहिजे, म्हणजे ओली हवा बाहेर जाईल. म्हणूनच कूलर मराठवाड्यात चालतो आणि मुंबई-कोकणात नुसता चिकचिकाट करतो. एसीला बंद खोली लागते. दोन्ही उपाय खरे आहेत, पण एका दारात नांदत नाहीत.

तिसऱ्या रात्री एसी १८ वरून २६ वर आणला आणि सोबत पंखा लावला. सहा युनिट. सरकारने २०२० पासून नव्या एसींचं मूळ तापमान २४ ठेवायला लावलंय, ते उगीच नाही.

मग रविवारी गच्चीवर गेलो. चुना भिजवून स्लॅबला दोन हात दिले. मुलांच्या खोलीच्या वर हिरवी जाळी ताणली, रोपवाटिकेत असते ती. त्या रात्री साडेदहाला छत कोमट लागलं. मीटर पाच युनिट फिरला.

जूनमध्ये पाऊस आला की बिल आपोआप उतरतं, म्हणून जूनच्या बिलाचं कौतुक मी करणार नाही. मेच्या अखेरच्या आठवड्यात ऊन तेवढंच होतं. तेव्हा दिवसाची सरासरी १८ वरून १२ युनिटांवर आली. वीजबिलाच्या पायऱ्या असतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर वेगळा, मग तीनशेपर्यंत वेगळा, मग पाचशेपर्यंत आणि पाचशेच्या पुढे आणखी वेगळा. वरच्या पायरीचा दर पहिल्या पायरीच्या दुपटीहून जास्त आहे. त्यामुळे जी युनिटं वाचली, ती सगळ्यात महागडी होती.

अम्मींच्या हाकेचा प्रश्न उरला होता. शाळेतली एक जुनी पितळी घंटी त्यांच्या खाटेजवळ ठेवली. त्यांनी ती रात्री एकदाही वाजवली नाही. फजरला मात्र रोज वाजवतात, सगळं घर उठेपर्यंत.

आमचं छत, त्यांचं छत

एक काम राहिलं होतं आणि ते चुन्याने होणारं नव्हतं. मी खाली गेलो. भाडेकरू नुकतेच कामावरून आले होते. मी आत गेलो आणि आधी छताकडे पाहिलं. हात लावला. गार. खालच्यांचं बिल कमी का, ज्या गोष्टीवरून मी त्यांच्यावर संशय घेतला, तिचं उत्तर माझ्या तळहाताखाली होतं. त्यांच्या छतावर ऊन पडतच नाही. त्यांच्या छतावर आम्ही राहतो. वरचं सगळं ऊन आमच्या स्लॅबने झेललेलं. खाली अब्बांच्या काळच्या दगडी भिंती. एका टेबलफॅनवर त्यांचा उन्हाळा निघतो.

मी म्हणालो, "भाई, माझी चूक झाली. मी गैरसमज करून घेतला." ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, तुम्ही थेट विचारलं असतं, तर मीच जिना चढून तुमचा मीटर बघितला असता." भाभी आतून काही बोलल्या नाहीत. त्यांचा राग रास्त होता. गरिबावर चोरीचा संशय घेणं सोपं असतं, कारण तो उलट बोलत नाही. बदगुमानीपासून दूर राहा, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. त्या दिवशी ते मला कुणीतरी शिकवायला हवं होतं. मुलं आठवड्याने परत यायला लागली. धाकटी अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

बिलाचं कारण तर सापडलं. पण या शोधात एक प्रश्न डोक्यात राहून गेला. इतिहासात थंडाव्याचं बिल नेहमी दुसऱ्याच कुणीतरी भरलं. नावाड्याने भरलं, भिश्त्याने भरलं, पंखेवाल्याने भरलं. आज मी माझं स्वतः भरतो, ही प्रगती आहे. पण माझ्या वर्गातली निम्मी मुलं पत्र्याच्या खोल्यांत राहतात. एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेत ती बाकावर डोकं टेकून झोपतात. पूर्वी मी त्यांना उठवायचो, कधी रागवायचोही. स्लॅब रात्री तापवतो तर पत्रा दिवसभर भाजतो. त्या घरांत वीजबिल कमी येतं, कारण बिल शरीर भरतं.

एसी सगळ्यांना घेता येणार नाही आणि सगळ्यांनी घ्यावा असंही नाही. पण चुन्याची गोणी काही फार महाग नसते. पत्र्यालाही पांढरा हात देता येतो, जाळी बांधता येते. पुढच्या मार्चमध्ये, उन्हं तापायच्या आधी, आमच्या मोहल्ल्यातल्या चार तरुणांना आणि नववी-दहावीच्या मुलांना घेऊन दहा छतांपासून सुरुवात करायची ठरवली आहे. पहिलं छत माझ्या वर्गात झोपणाऱ्या एका मुलाचं असेल. दुसरं कुणाचं ते खालच्या भाभींना विचारणार आहे. मोहल्ल्यात कुणाचं घर किती तापतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तुमचं बिल वाढलं असेल तर आधी वही घ्या. रात्री दहाला आणि सकाळी सहाला आकडा लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि कुणाचंही नाव घेण्याआधी स्टुलावर चढून छताला हात लावून बघा.